ताट, दात आणि आठवण

यवतमाळ जिल्ह्यात महागाव तालुक्यातल्या एखाद्या घरी म्हाताऱ्या माणसाच्या विसरण्याची चौकशी केली, तर "बुढीले आता याद राहत नाही, वय झालं तिचं" एवढे उत्तर मिळते आणि विषय तिथेच संपतो. साठी आणि बुद्धी यांची सांगड घालणारी म्हण आपल्याकडे इतकी मुरली आहे, की विसरणे हा म्हातारपणाचा धर्मच समजला जातो. गुडघे दुखू लागले की बुढ्याला पुसदला नाही तर नांदेडला दाखवतात. मोतीबिंदू पिकला की शिबिरात नाव नोंदवतात. विसरण्यासाठी मात्र दवाखान्याची पायरी कुणी चढत नाही, आणि रोजच्या जेवणाचा त्या विसरण्याशी काही संबंध असेल, ही शंकाही घरात कुणाला येत नाही. हे पुस्तक त्या संबंधाविषयी आहे.

असा संबंध आहे, हे आता ठामपणे म्हणता येते. तो किती आहे, कोणत्या वाटेने काम करतो आणि त्यातले आपल्या हातात किती, यावर मात्र शंभर वर्षे अभ्यास चालू आहे आणि वादही. त्या वादांची तोंडओळख नसेल तर वाचक एक तर 'आपले जुने खाणेच उत्तम होते' या समाधानात राहतो, नाही तर जाहिरातीतली बुद्धिवर्धक पावडर विकत आणतो. दोन्ही वेळा म्हाताऱ्या माणसाच्या ताटाकडे पाहायचे राहूनच जाते. म्हणून या प्रस्तावनेत आधी त्या विषयाचे शिवार फिरून घेऊ.

प्रश्न किती मोठा आहे?

मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशातल्या ४५ वर्षांवरील सुमारे ७२ हजार लोकांची पाहणी केली. 'लासी' या नावाने ती ओळखली जाते. तिच्याच आधारे दिल्लीच्या एम्ससह अनेक संस्थांनी साठीपुढच्या लोकांची स्मरणशक्ती तपासली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार भारतात साठीपुढच्या दर १०० जणांपैकी ७.४ जणांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश आहे. देशभरात ही संख्या सुमारे ८८ लाख होते. पुरुषांपेक्षा बायकांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण अधिक आढळले.

शेवटची गोष्ट अनेकांना अनपेक्षित वाटेल. १९९० च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगड परिसरातल्या खेड्यांत झालेल्या अभ्यासात अल्झायमरचे प्रमाण जगातल्या सर्वांत कमी प्रमाणांपैकी एक निघाले होते. तेव्हापासून खेड्यातले साधे खाणे आणि कष्टाचे जगणे मेंदूला राखते, असा समज पसरला. नवे आकडे तो समज टिकू देत नाहीत. आयुर्मान वाढले, रक्तदाब आणि मधुमेह खेड्यात पोचले, शिवाय मोजण्याच्या पद्धतीही सुधारल्या. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत साठीपुढचे लोक ९.९ टक्के होते, देशाच्या सरासरीपेक्षा अधिक. तरुण माणसे पुणे, मुंबई, हैदराबादला किंवा ऊसतोडीला गेली, की गावात आणि तांड्यावर मागे राहणाऱ्यांत हेच लोक जास्त असतात.

डिमेन्शिया हे एकाच आजाराचे नाव नाही. जर्मन डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये ज्या विकाराचे वर्णन केले, तो त्यातला सर्वांत मोठा प्रकार. मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब होऊन येणारा दुसरा. म्हातारपणी हे दोन्ही बहुतेकदा एकत्रच नांदतात. मराठी प्रेक्षकांना हा आजार सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या चित्रपटाने दाखवला. त्यात मोहन आगाशे यांनी रंगवलेले संस्कृत पंडित शहरातले, शिकलेले, मुलींनी जपलेले होते. महागावच्या पांदीतून घराची वाट विसरणाऱ्या शेतमजूर बाईची गोष्ट अजून पडद्यावर यायची आहे.

याखेरीज काही विसरणे डिमेन्शियासारखे दिसते आणि उपचाराने सुधारते. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइड मंदावणे, नैराश्य, ऐकू न येणे, औषधांचा परिणाम, उन्हाळ्यात शरीरातले पाणी आणि मीठ घटणे ही त्याची नेहमीची कारणे. विदर्भातल्या मे महिन्यात एखादा म्हातारा अचानक असंबद्ध बोलू लागला, तर त्याला 'साठला' म्हणून खाटेवर टाकून ठेवणे जिवावर बेतू शकते. म्हातारपणी तहानेची जाणीवच कमी होते. पाणी समोर असूनही माणूस ते मागत नाही.

विचारांच्या वाटा

मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण बसल्याजागी लागणाऱ्या ऊर्जेतला सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा घेतो. ही ऊर्जा रक्तातूनच येते आणि मेंदूपाशी साठा जवळजवळ नसतो. त्यामुळे रक्तात काय आहे आणि रक्त नेणाऱ्या नळ्या कशा आहेत, हे दोन प्रश्न या विषयाच्या मुळाशी राहिले. त्यांतूनच अभ्यासाच्या वेगवेगळ्या वाटा फुटल्या.

सर्वांत जुनी वाट उणिवेची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडची वेड्यांची इस्पितळे पेलाग्रा नावाच्या रोगाने भरली होती. कातडी काळवंडायची, जुलाब लागायचे आणि शेवटी बुद्धी भ्रमायची. हा जंतूंचा रोग असावा असे डॉक्टर मानत होते. १९१४ पासून जोसेफ गोल्डबर्गर यांनी दाखवून दिले, की तो मक्यावरच पोट भरणाऱ्या गरिबांचा रोग आहे आणि दूध, मांस, डाळ दिली की बरा होतो. कमी पडणारे जीवनसत्त्व नायसिन आहे, हे १९३७ मध्ये कळले.

ही कथा आपल्यापासून दूरची नाही. दख्खनच्या पठारावर ज्वारीवर जगणाऱ्या लोकांतही पेलाग्रा दिसत होता. हैदराबादच्या प्रयोगशाळेत सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी त्याचा छडा लावायचा प्रयत्न केला आणि ज्वारीतल्या ल्युसिन या घटकाकडे १९६० मध्ये बोट दाखवले. ल्युसिनची भूमिका किती, यावर पुढे बराच खल झाला. निरीक्षण मात्र टिकले : जवळजवळ नुसत्या ज्वारीवर दिवस काढणाऱ्या माणसाची बुद्धीही उपाशी राहू शकते. पूर्व विदर्भातली लाखोळी डाळ हे तसेच दुसरे उदाहरण. दुष्काळात महिनोन्‌महिने तीच खाल्ली तर पाय कायमचे लुळे पडत, म्हणून १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. तो आघात स्मरणशक्तीवर नव्हे, पाय हलवणाऱ्या मज्जातंतूंवर होता. पण धडा एकच आहे. भरड धान्ये आणि डाळी चांगल्याच आहेत, मात्र ताटात एकट्या पडल्या की तीच अन्ने अपुरी ठरतात. जुन्या खाण्याचे गोडवे गाताना हा इतिहास सहसा कुणी सांगत नाही.

याच वाटेवरचे आजचे सर्वांत मोठे काम पुण्यातून आले. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने ग्रामीण, झोपडपट्टीतल्या आणि मध्यमवर्गीय अशा ४४१ पुरुषांचे रक्त तपासले. २००६ मध्ये छापलेल्या त्या निबंधात ६७ टक्के लोकांत ब-१२ कमी निघाले, आणि शाकाहाऱ्यांत हा धोका चौपटीहून अधिक होता. ब-१२ फक्त प्राणिजन्य अन्नात असते : दूध, दही, अंडी, मासे, मटण. ते कमी पडले की रक्तात होमोसिस्टीन हा घटक वाढतो. तो रक्तवाहिन्यांना आणि मेंदूला घातक मानला जातो. ऑक्सफर्डच्या २०१० मधल्या एका चाचणीत विस्मरण सुरू झालेल्या वृद्धांना दोन वर्षे ब गटातली जीवनसत्त्वे दिली, तेव्हा मेंदू आक्रसण्याचा वेग सुमारे ३० टक्क्यांनी मंदावला. ज्यांचे होमोसिस्टीन आधीच वाढलेले होते, त्यांना फायदा अधिक झाला. उणीव असेल तिथे भरपाई काम करते, नसेल तिथे गोळ्या गिळून फारसे काही साधत नाही, हा या परंपरेचा निष्कर्ष. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये बुद्धी राखण्यासाठी सरसकट जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊ नयेत असेच सुचवले.

दुसरी वाट रक्तवाहिन्यांची. १९५८ मध्ये अँसेल कीज यांनी सात देशांतले खाणे आणि हृदयरोग यांची तुलना सुरू केली, आणि भूमध्य समुद्राकाठच्या शेतकऱ्यांचे ताट जगासमोर आले : भाज्या, कडधान्ये, अखंड धान्य, मासे, ऑलिव्हचे तेल. पुढे लक्षात आले, की हृदयाच्या नळ्या जपणारे खाणे मेंदूच्याही नळ्या जपते. १९९७ मध्ये अमेरिकेत रक्तदाब उतरवणारा 'डॅश' आहार सिद्ध झाला. २०१९ मध्ये रक्तदाब अधिक नेटाने ताब्यात ठेवणाऱ्यांत बुद्धीची सौम्य घसरण कमी होते, हेही एका मोठ्या चाचणीत दिसले. विदर्भाला हे ऐकायलाच हवे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणे शोधली, तेव्हा पक्षाघात हे पहिल्या क्रमांकाचे कारण निघाले. दर सात मृत्यूंमागे एक. जे पक्षाघातातून वाचतात, त्यांच्यातल्या अनेकांची बुद्धी मागाहून ढासळते. मिठाचा प्रश्न म्हणूनच स्मरणाचाही प्रश्न आहे. लोणचे, पापड, ठेचा, सांडगे, कुरड्या यांवर भाकरी ढकलणारा माणूस भाजी कमी आणि मीठ जास्त खात असतो.

तिसरी वाट संपूर्ण ताटाची. एकेक जीवनसत्त्व मोजण्यापेक्षा माणूस काय काय एकत्र खातो ते पाहावे, असा आग्रह या संशोधकांनी धरला. शिकागोच्या मार्था क्लेअर मॉरिस यांनी २०१५ मध्ये भूमध्य आणि डॅश या दोन्हींतून मेंदूपुरते निवडून 'माइंड' आहार मांडला. पालेभाज्या, इतर भाज्या, कडधान्ये, अखंड धान्य, दाणे, मासे, कोंबडी यांना वर बसवले. तळलेले, गोड, लोणी, चीज, लाल मांस यांना खाली. जे हा आहार काटेकोर पाळत, त्यांच्यात अल्झायमरचा धोका ५३ टक्क्यांनी कमी दिसला आणि जगभर बातम्या झाल्या. पण ते निरीक्षण होते. असे खाणारी माणसे इतरही बाबतींत जपून वागतात, त्यांना शिक्षण आणि पैसा मिळालेला असतो. २०२३ मध्ये ६०४ वृद्धांवर तीन वर्षांची रीतसर चाचणी झाली, तेव्हा माइंड आहार घेणारे आणि नेहमीचेच अन्न थोडे मोजून खाणारे यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही. काहींनी लगेच 'आहाराचा उपयोग नाही' असे म्हटले. तीन वर्षांत मेंदूचा निकाल लागत नाही आणि दोन्ही गटांनी आपले खाणे सुधारले होते, असे इतरांचे उत्तर. वाचकाने दोन्ही बाजू लक्षात ठेवाव्यात. ५३ टक्क्यांची बातमी सांगून २०२३ ची चाचणी लपवणे, हा आहारविषयक लेखनातला सवयीचा अप्रामाणिकपणा आहे.

चौथी वाट म्हणते, ताट एकटे पुरणार नाही. फिनलंडमध्ये मीया किविपेल्टो यांच्या गटाने १,२६० जणांवर आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि रक्तदाब-साखरेची देखरेख एकत्र करून दोन वर्षे प्रयोग केला. २०१५ मध्ये निकाल आला : बुद्धीच्या चाचण्यांत फरक पडतो. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या दोन हजारांहून अधिक लोकांवरच्या चाचणीनेही त्याच दिशेने कौल दिला. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये १४ कारणे मोजली आणि ती सगळी दूर झाली तर जगातला सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकेल असे म्हटले. त्या यादीत आहार स्वतंत्रपणे नाही. पण उच्च रक्तदाब, मधुमेह, स्थूलता, वाईट कोलेस्टेरॉल आणि दारू ही पाचही कारणे स्वयंपाकघरातून आणि बाटलीतूनच येतात.

आपली देशी परंपराही इथे नोंदवली पाहिजे. चरकसंहितेत मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी ही मेध्य रसायने सांगितली आहेत. बुद्धी हा आहार-औषधाचा विषय आहे, ही जाणीव त्यात स्पष्ट दिसते. आधुनिक चाचण्यांत मात्र पुरावा अजून विरळ आहे. हळदीचेच पाहा. उंदरांवरच्या प्रयोगांनी आशा वाढवली, पण अल्झायमरच्या रुग्णांवर २००८ आणि २०१२ मध्ये झालेल्या चाचण्यांत लाभ दिसला नाही. हळदीतले कर्क्युमिन पोटातून रक्तात फारच थोडे उतरते, हे त्याचे एक संभाव्य कारण. २०१८ मध्ये रक्तात अधिक उतरणारे खास कर्क्युमिन देऊन ४० जणांवर झालेल्या प्रयोगाने स्मरणात सुधारणा दाखवली. एवढ्यावरून हळदीच्या कॅप्सूल घ्याव्यात असे होत नाही. भाजीत हळद जरूर घालावी, ती औषध समजू नये.

विदर्भाचा स्वतःचा वारसाही आहे. १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जे. सी. कुमारप्पा यांनी तिथे हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल, गूळ यांचा विचार अर्थशास्त्राशी जोडला. मेंदू हा त्यांचा विषय नव्हता. पण गावाचे अन्न गावात पिकावे आणि त्याचा कोंडा-तूस गिरणीत जाऊ नये, हा त्यांचा आग्रह आज अखंड धान्याच्या शिफारशीत दिसतो.

शेवटची वाट आयुष्यभराची. मेंदूची बांधणी गर्भातच सुरू होते. याज्ञिकांच्याच गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांची मुले यांचा पाठपुरावा केला. ज्या आयांत ब-१२ कमी होते, त्यांची मुले नवव्या वर्षी बुद्धीच्या काही चाचण्यांत मागे पडली. म्हणून म्हातारपणच्या पुस्तकातही सुनेच्या आणि नातीच्या ताटाचा उल्लेख सारखा येत राहतो.

महागावचे ताट

या सगळ्या वाटा एका जागी आणून पाहायच्या, तर एखादा तालुका समोर धरावा लागतो. आम्ही महागाव धरला. हिवरा संगमला पूस नदी पैनगंगेला मिळते. काळी जमीन, कापूस, सोयाबीन, तूर, हरभरा आणि पाणी असेल तिथे ऊस. मराठी गावे, बंजारा तांडे आणि आंध, गोंड, कोलाम वस्त्या यांचे जेवण एकसारखे नाही. तांड्यावरच्या मटण खाणाऱ्या बाईचे ब-१२ आणि तुळशीची माळ घातलेल्या आजीचे ब-१२ एकाच सूत्रात बसवता येत नाही.

शेजारच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना संकरित ज्वारीचा जोरात प्रसार झाला. सीएसएच-१ हे पहिले वाण १९६४ मध्ये आले. त्यानंतर कापसाने आणि मग सोयाबीनने ज्वारीचे क्षेत्र खाल्ले. रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागले. अन्नसुरक्षा कायद्यामुळे भूक टळली, हे मोठेच काम झाले. त्याबरोबर ज्वारी मात्र घराबाहेर गेली. सोयाबीन शेतात भरपूर पिकते, पण ते सगळे बाजारात जाते, घरात क्वचितच शिजते.

भाकरीइतकाच भाजीचा प्रश्न आहे. पूर्वी पावसाळ्यात तरोटा, चिवळ, पाथरी, कुर्डू, अंबाडी, काटेमाठ बांधावरून आणि पिकातूनच यायची. कापसात तूर, ज्वारी, मूग, बरबटी पेरलेली असायची. आज तणनाशक पिकातल्या तणाबरोबर रानभाजीही मारते, आणि निंदायला बायका लागत नसल्यामुळे ती खुडून आणणारे हातही शेतात नसतात. यवतमाळ जिल्ह्याने २०१७ मध्ये कीटकनाशकांच्या फवारणीतून झालेली विषबाधा पाहिली आहे. शेतात फवारलेले रसायन थेट मज्जासंस्थेवर काय करते, हे इथे कुणाला शिकवावे लागत नाही. पालेभाजीचे नाहीसे होणे मात्र गाजावाजा न करता झाले. मॉरिस यांच्या अभ्यासात बुद्धीशी सर्वांत घट्ट नाते दिसले ते याच हिरव्या पाल्याचे.

तेलाचेही तसेच. जवस हे विदर्भाचे जुने पीक. त्याच्या तेलात निम्म्याहून अधिक भाग अल्फा लिनोलेनिक आम्लाचा, म्हणजे वनस्पतीतल्या ओमेगा-३ चा असतो. त्यातून मेंदूला लागणारे डीएचए शरीर फार थोडेच तयार करते, हे खरे. तरी रोज चमचाभर जवसाची चटणी पाकिटबंद नमकीनपेक्षा कितीतरी बरी. जे मासे खातात, त्यांना पैनगंगेचे आणि इसापूर धरणाचे मासे आहेत. समुद्रातल्या तेलकट माशांइतके ओमेगा-३ त्यांत नसले, तरी प्रथिने आणि ब-१२ भरपूर मिळते. अमेरिकेतल्या माइंड आहाराच्या यादीत ऑलिव्हचे तेल आणि ब्लूबेरी आहेत, म्हणून महागावच्या बाजारात त्या शोधण्यात अर्थ नाही. त्या यादीमागचा विचार घ्यावा : पाला रोज, डाळ रोज, धान्य अखंड, तळण आणि साखर कमी, दाणे-तीळ-जवस मूठभर.

पण हे सगळे बाजारात असून भागत नाही. ते म्हाताऱ्याच्या तोंडात जावे लागते, आणि आमच्या मते या विषयातला सर्वांत दुर्लक्षित भाग इथेच सुरू होतो. दात पडले की ज्वारीची भाकरी, कच्चा कांदा, गाजर, दाणे, मटण हे सगळे एकदम सुटते. उरतो चहा, त्यात बुडवलेली खारी वा बिस्किट आणि पातळ वरणभात. पोट भरते, पण ताटात पीठ-साखरेशिवाय फारसे काही राहत नाही. विदर्भात या जागी खर्रा हाही खलनायक आहे. तंबाखू-सुपारीने हिरड्या जातात, तोंड उघडेनासे होते आणि घास लहान होत जातो. एक कवळी काही वेळा वर्षभराच्या टॉनिकपेक्षा जास्त अन्न पोटात घालते.

पचनाचे दुसरे अडथळेही आहेत. वयाबरोबर अनेकांच्या जठरातले आम्ल कमी होते आणि अन्नातले ब-१२ नीट सुटत नाही. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे घेतलेले मेटफॉर्मिन आणि आम्लपित्ताच्या रोजच्या गोळ्या ब-१२ आणखी कमी करतात. हातापायाला मुंग्या, चालताना तोल जाणे, चिडचिड आणि विसरणे ही चार लक्षणे एकत्र दिसली, तर ब-१२ तपासून घेण्याचा आग्रह डॉक्टरांकडे धरावा. त्याच्या गोळ्या आणि इंजेक्शने स्वस्त आहेत. उशीर झाला तर मात्र मज्जातंतूंचे नुकसान पूर्ण भरून येत नाही.

आणि घरातली रीत. बाईने सगळ्यांच्या मागून जेवायचे, विधवेने एकवेळ जेवायचे, माळ घातली की अंडे-मासे सोडायचे, चतुर्थी-एकादशीला साबुदाण्यावर राहायचे. या प्रत्येक रीतीमागे श्रद्धा आहे आणि तिचा अपमान करण्याचे कारण नाही. पण त्यांची बेरीज म्हाताऱ्या बाईच्या ताटात होते. स्मृतिभ्रंश बायकांत अधिक का, याचे पूर्ण उत्तर आहारात नाही. दीर्घायुष्य आणि शाळेला मुकलेले बालपण ही मोठी कारणे आहेत. तरी मागून जेवणाऱ्या बाईला उरलेली भाजी मिळते की नुसता रस्सा, हे कुणीतरी पाहायला हवे. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये तिच्या दुधावर खर्च होतात की नातवाच्या मोबाइलवर, हेही.

पुस्तक काय करू पाहते

यात डाएट चार्ट नाही. वजनकाट्यावर तोललेल्या वाट्या महागावच्या घरात चालत नाहीत. ताट हेच आम्ही मोजमाप मानले आहे. सकाळ, दुपार, संध्याकाळ त्यात काय पडते, कोण वाढते, कोणाबरोबर खाल्ले जाते आणि काय परत जाते, या प्रश्नांभोवती पुस्तक उभे आहे. एकटे जेवणारा माणूस कमी खातो. म्हणून अंगणवाडीत पोराला जेवताना पाहणारी ताई असते, तशी म्हाताऱ्याजवळ कुणी का नसावी, असाही प्रश्न पुस्तक विचारते.

प्रत्येक शिफारशीपुढे तिचे वजन सांगितले आहे : हे पक्के, हे शक्य, याची वाट पाहावी. रक्तदाब आणि मधुमेह ताब्यात ठेवणे पक्क्यात. ब-१२ ची उणीव शोधून भरणे पक्क्यात. पालेभाजी-डाळ-अखंड धान्याचे ताट शक्यतेच्या वरच्या टोकाला, कारण मेंदूसाठी पुरावा अपुरा असला तरी हृदयासाठी तो भक्कम आहे. आतड्यातले जंतू आणि मेंदू यांचे नाते, हळदीचे अर्क, ब्राह्मीच्या गोळ्या या गोष्टी वाट पाहण्यात. शास्त्र पुढे सरकेल तशी ही यादी बदलेल, आणि ती बदलली पाहिजे.

ज्याला डिमेन्शिया झाला आहे, त्याच्यासाठी आहार हा इलाज नाही. त्याच्या बाबतीत पुस्तकाचे काम वेगळे आहे. जेवल्याचे विसरणे किंवा जेवायचेच विसरणे, गिळताना ठसका लागणे, घास तोंडात धरून बसणे, यातून घरच्यांनी वाट कशी काढावी ते सांगणे. बुढ्याला दोन वेळ वाढून दोन वेळ शिव्या खाणाऱ्या सुनेसाठी ती पाने लिहिली आहेत. तिला कुणाशी बोलावेसे वाटले, तर ज्येष्ठ नागरिकांसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक १४५६७ आहे.

आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी ताई, बचत गटाच्या बायका, उपकेंद्रातले कर्मचारी आणि गावाबाहेर राहून दर महिन्याला पैसे पाठवणारी मुले हे आमचे वाचक. शेवटच्यांना एक विनंती. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा बदामाची पुडी आणि टॉनिकची बाटली नेण्याआधी चार कामे करा : आईबापाचा रक्तदाब मोजा, साखर आणि ब-१२ तपासा, दात दाखवा आणि त्यांच्या पंगतीला बसून एक पूर्ण जेवण जेवा. त्या जेवणात काय उरते आणि काय गिळवत नाही, ते तुम्हाला तिथेच दिसेल. पुस्तकाचे पहिले पान त्यानंतर उघडले तरी चालेल.